बाळ झोपेपर्यंत तरी चाल गं!

गाडीला पहिली उचकी लागली ती दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण त्या क्षणी बाळाच्या आईचे डोळे घड्याळावर होते. बाळाचे डोळे नुकतेच मिटले होते. ते किती वेळ मिटलेले राहतात यावर तिचं जेवण, तिची आंघोळ आणि (हे ती कुणाला बोलून दाखवत नव्हती) तिचं डोकं ठिकाणावर राहणं अवलंबून होतं.

आधी गाडीनं एक आवंढा गिळला. मग दुसरा. मग शाळेच्या भिंतीपाशी तिनं अंगभर थरथरून घेतलं, दोनदा खोकली आणि गप्प झाली. गाडी गप्प झाली त्या क्षणाला बाळ सुरू झालं.

"काय झालं हो?"

"बंद पडली."

"ते कळलं. का पडली?"

"बघतो," म्हणून बाळाचे बाबा खाली उतरले, त्यांनी बॉनेट उघडलं आणि आत बघत राहिले. बघण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, तेव्हा बघणं हा घरचाच धंदा. बघून काही कळणं मात्र वेगळ्या खात्यात येतं.

भर दुपारी ही तिघं गाडीत काय करत होती, ते आधी सांगायला हवं. बाळ नऊ महिन्यांचं, आणि झोपेशी त्याचं वाकडं होतं. मांडीवर घेऊन, खांद्यावर टाकून, गाणं म्हणून, गाणं थांबवून, पंखा लावून, पंखा बंद करून, सगळं करून झालं. सासूबाईंनी त्याचं नाव घुबड ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की दवाखान्यातल्या नर्सबाईसुद्धा दारातून हाक मारायच्या, "घुबडाला आणा आत!" असंच एकदा लस टोचून परत येताना घुबड गाडीत झोपलं. मान टाकून, तोंड उघडं ठेवून, थेट घर येईपर्यंत. घरी गाडी बंद केली आणि त्यानं डोळे उघडले. तेव्हा बाळाच्या आईनं एक साधा निर्णय घेतला. रोज दुपारी गाडीतून एक चक्कर मारायची. एकच. छोटीशी.

(ज्यांच्या घरात लहान मूल आहे ते इथेच हसले असतील.)

दुकान दुपारी बंद असायचं. बाळाचे बाबा घरी यायचे, उभ्या उभ्या जेवायचे आणि हात पुसत स्टिअरिंगवर जाऊन बसायचे. पाण्याच्या टाकीवरून उतार, फर्निचरच्या दुकानांसमोरून सरळ, मोठ्या मैदानाला वळसा, शाळेच्या भिंतीकडून परत टाकीकडे. घुबड झोपेपर्यंत एक फेरी, ते उठू नये म्हणून आणखी चार. मागच्या सीटवर नणंदेनं दिलेली बाळाची खुर्ची होती, उलट्या तोंडाची. ती दोन पट्ट्यांनी आवळायची असते. बाळाची आई तिला घरची तिसरी पट्टी बांधायची.

कारण तिचा स्वभाव काळजीचा. घरातल्या टेबलांच्या कोपऱ्यांना तिनं स्पंज बांधला होता. खणांना बुटांच्या नाड्या होत्या. प्लगच्या भोकांत कापूस आणि वर दवाखान्यातली चिकटपट्टी. त्या पांढऱ्या चिकटपट्टीचं एक रीळ सदा तिच्या पिशवीत असायचं. जिथे म्हणून फट, भोक, चीर दिसेल तिथे ती लागायची. एकदा बाळाचे बाबा पायमोज्याला भोक पडलंय म्हणाले, तर संध्याकाळी मोज्यावर पट्टी.

गाडी होती सासऱ्यांची. सायीच्या रंगाची, गोल पाठीची, बाळाच्या बाबांपेक्षा वयानं मोठी. सासरे असताना सासूबाई तिला 'सवत' म्हणायच्या. दर रविवारी ते तिला न्हाऊ-माखू घालायचे, दाराच्या मुठी पुसताना शीळ वाजवायचे, आणि सासूबाईंनी नवी साडी नेसली तर तीन दिवसांनी विचारायचे, "ही कधी घेतलीस?" सासरे गेले आणि सासूबाईंनी सवतीला पदरात घेतलं. आता तिच्याबद्दल कुणी वावगं बोललेलं त्यांना खपत नसे.

तर शाळेच्या भिंतीपाशी बाळाचे बाबा स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरच्या एका स्क्रूला भिडले. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा डबा, एवढंच त्यांना वडिलांकडून आलेलं ज्ञान. त्यांनी स्क्रू थोडा फिरवला आणि दुकानातल्या आवाजात विचारलं, "हे बरं, की मघाचं बरं?"

हा प्रश्न ते दिवसभर गिऱ्हाइकांना विचारत. आता तो जिभेवरून उतरत नव्हता. चहात साखर घातली की, "हे बरं की मघाचं बरं?" उशी सरकवली की तेच.

"अहो, गाडी बंद आहे! बंद गाडीला काय बरं आणि काय वाईट?"

"मग सेल्फ मार."

मागच्या सीटवरून पुढे वाकून, एका हातानं घुबडाची खुर्ची हलवत तिनं चावी फिरवली. गाडी चालू झाली. बाळाचे बाबा बॉनेट आपटून असे काही परत आले, जणू त्यांनी कुणाला दृष्टी परत दिली असावी.

"स्क्रू होता," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाडी मैदानाच्या वळणावर बंद पडली. तिसऱ्या दिवशी टाकीच्या उतारावर. गंमत म्हणजे दारात उभी असताना ती तासभर गुरगुरत राही, काही म्हणून होत नसे. रस्त्याला लागली, घुबडाची पापणी जड झाली, की हिला आवंढे यायला लागायचे. मग थोडा वेळ रुसून बसायची आणि काहीतरी खाटखूट केलं की पुन्हा चालू. स्क्रू एव्हाना इतका फिरला होता की तो मूळ जागी होता की नव्हता, हे स्क्रूलाही सांगता आलं नसतं.

तेव्हा खालच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका मदतीला धावले. त्यांनी जन्मभर बस चालवली होती आणि निवृत्त झाल्यावरही ते जिन्यावरून उतरताना वळणावर थांबून मागं बघायचे.

"पेट्रोल तापतंय," ते पुढच्या सीटवर बसून म्हणाले. "नळीत वाफ धरतेय. पंपावर ओलं फडकं टाकायचं. आमच्या बसला घाटात हेच करायचो."

"काका, इथे घाट कुठे आहे?"

"वाफेला घाट लागत नाही, पोरी. दे फडकं."

फडकं म्हणजे घुबडाचं एकमेव सुकं दुपटं. ते भिजवून पेट्रोलच्या पंपावर टाकलं. थोड्या वेळानं गाडी चालू झाली. काकांनी मिशीवरून हात फिरवला, आणि दुसऱ्या दिवसापासून ते पाण्याची बाटली घेऊन गाडीशी आधीच हजर राहू लागले.

सासूबाईंना हे सहन होईना. "स्क्रू काय, फडकं काय! ह्यांच्या वेळी कधी बंद पडली का ती? तिला कुणी आपलं माणूस लागतं." असं म्हणून त्या मागच्या सीटवर येऊन बसल्या. गाडी बंद पडल्यावर त्यांनी दाराला आतून थोपटलं आणि म्हणाल्या, "चल गं बाई, आता मी काही म्हणणार नाही तुला." गाडी चालू झाली! सासूबाईंनी सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं.

म्हणजे आता एका बाळाला झोपवायला चार मोठी माणसं गाडीत होती. पुढे बाबा स्क्रू ड्रायव्हर कानावर खोचून, शेजारी काका ओलं फडकं मांडीवर घेऊन, मागे सासूबाई दाराला थोपटत आणि बाळाची आई खुर्ची आणि सासूबाई यांच्यामध्ये पापडासारखी. गाडी बंद पडली की तिघांचं भांडण सुरू व्हायचं, आणि घुबड टक्क जागं राहून तिघांकडे मान वळवून वळवून बघायचं. त्याला इतकी करमणूक आजवर मिळाली नव्हती.

इकडे बाळाच्या आईची अवस्था बघवत नव्हती. भाजीच्या दुकानात रांगेत उभी असताना ती कांद्यांची पिशवी खांद्याशी धरून हलत राहायची, मागच्या बाईनं "किती महिन्यांचं?" विचारेपर्यंत. एकदा जेवण झाल्यावर तिनं नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं, प्रेम आलं. ते गहिवरले. ती म्हणाली, "ढेकर आली की सांगा, मग आडवं करते."

"गाडी मेकॅनिकला दाखवू या," त्याच दिवशी बाबा म्हणाले.

गॅरेज म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, जमिनीत एक खड्डा, टायरांची उतरंड आणि तेलानं काळी पडलेली फरशी. मेकॅनिकनं एक लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनावर टेकवला, त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. बाळाच्या आईला डॉक्टरांकडे आल्यासारखं वाटलं. तिनं घुबडाला गप्प केलं. काकांनी श्वास धरला.

"मिसिंग मारतेय," मेकॅनिक म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे ठोके चुकतायत, वहिनी."

त्यानं प्लग बदलले. पॉइंट घासले. कार्बोरेटर खोलून त्याच्या बारीक भोकांतून तोंडानं फुंकर मारली. ("हे बरं की मघाचं बरं?" बाबांनी त्यालाही विचारलं. तो पुढच्या भोकाकडे वळला.) गाडी शेडमध्ये अशी गोड चालायला लागली, की सासूबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. सगळे आनंदानं फेरीला निघाले. मैदानाच्या वळणावर आवंढा. शाळेपाशी खोकला. परत येताना गाडी काका आणि बाबा ढकलत होते, आणि घुबड मागच्या काचेतून त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवत होतं.

मेकॅनिकनं हात पुसले. "वरवरचं काम नाही हे. इंजिन खाली उतरवावं लागेल."

"किती दिवस?" बाळाच्या आईनं विचारलं.

"जुनी गाडी आहे. पार्ट शोधावे लागतील. महिना धरून चाला. पुढे बघू."

महिना! ती टायरांच्या उतरंडीवर बसली. महिनाभर ना चक्कर, ना ती थोडीशी मिटलेली पापणी, ना तो अर्धा घास. तिचा चेहरा बघून मेकॅनिकच घाबरला.

"अहो भाऊ," ती अगदी काकुळतीनं म्हणाली, "तुम्ही उतरवा इंजिन. पण उतरवलेलं नुसतं चालू ठेवता येईल का हो? आम्ही बाळाला घेऊन शेजारी बसू. बोलणार नाही काही."

कुणी हसलं नाही. तिचा आवाजच तसा होता. बाबांनी चष्मा काढून पुसला. सासूबाई म्हणाल्या, "इंजिन उतरवायचं नाही. ह्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नव्हता त्याला." काका म्हणाले, "वाफच आहे ती." मेकॅनिक म्हणाला, "वाफ नाही." बाबा म्हणाले, "स्क्रू..." आणि सगळे मिळून पुन्हा बॉनेटमध्ये वाकले. चार डोकी आत, चार पाठी बाहेर. (सासूबाईंचा हातही आत, थोपटायला.)

बाळाच्या आईला रिकामं बसवत नसे. काळजी वाढली की तिचे हात काम शोधायचे. घुबडाला कडेवर घेऊन ती गाडीच्या मागे गेली, पिशवीतून चिकटपट्टीचं रीळ काढलं, दातानं एक तुकडा तोडला.

मेकॅनिक पाना घ्यायला मागे वळला आणि जागच्या जागी थांबला.

"वहिनी, काय करताय?"

"काही नाही. पट्टी बदलतेय."

"कसली पट्टी?"

"पेट्रोलच्या टोपणाला भोक पडलंय ना, त्याची. दर चार-पाच दिवसांनी बदलावी लागते, कडा सुटतात." ती जुनी पट्टी अंगठ्यानं दाबत होती. "मागच्या सीटवर पेट्रोलचा वास यायचा, ह्यांना सांगितलं तर म्हणाले, जुन्या गाडीला यायचाच. बाळाच्या छातीत तो वास जायला नको म्हणून मीच केला बंदोबस्त."

बॉनेटमधून एकेक डोकं वर आलं.

मेकॅनिकनं येऊन टोपण हळूच फिरवलं. आणि मग त्या शेडमध्ये सगळ्यांनी ऐकलं: सूऽऽऽऽ! पाण्याखालून वर आलेल्या माणसासारखा, सायीच्या रंगाच्या त्या गाडीनं भला मोठा श्वास घेतला.

"ते भोक असतंच, वहिनी," मेकॅनिक म्हणाला. त्याचे ओठ थरथरत होते, पण त्यानं स्वतःला आवरलं. "मुद्दाम ठेवलेलं असतं. टाकीतून पेट्रोल बाहेर जातं ना, तर तेवढी हवा आत यायला पाहिजे. नाही आली तर आत ओढ बसते, मग पेट्रोल पुढे..."

"पुढे येतच नाही," बाळाची आई पुटपुटली. तिचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे दुधाच्या बाटलीसारखं. झाकण फार घट्ट लावलं की निपल चपटं होतं, घुबड ओढ ओढ ओढतं, दूध येत नाही, मग चिडतं, सोडून देतं... आणि थोडी हवा आत शिरली की बुडबुडे येतात आणि पुन्हा..."

"अगदी तसंच," मेकॅनिक म्हणाला.

दिवसातून सहा वेळा ती बाटलीचं झाकण लावून, मग हवेसाठी पाव फेरा सैल करत होती. शेजारणींना शिकवत होती. आणि इकडे गाडीचा घसा तिनं स्वतःच्या हातानं, स्वच्छ, दवाखान्यातल्या पट्टीनं आवळून ठेवला होता. वर नेमानं ड्रेसिंग बदलत होती.

"नाक दाबून धरलंस की गं माझ्या सवतीचं!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. पण रागानं नव्हे. गाडी निर्दोष सुटल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

काका बाबांकडे वळले. "आणि तू रे? पेट्रोल भरताना रोज बघतोस ना टोपणाकडे?"

"पांढरी गाडी, पांढरी पट्टी," बाबा कसेबसे म्हणाले. "नाही दिसली."

"चष्म्याचं दुकान आहे म्हणे!"

तिथे मात्र सगळे हसले, मेकॅनिक सगळ्यात मोठ्यानं. मग त्यानं डिकीत डोकं घालून वासाचंही बघितलं. वास टोपणातून येतच नव्हता. टाकीच्या नळीची एक क्लिप ढिली होती. ती त्यानं आवळली, बाळाच्या आईला वास घेऊन खात्री करायला लावली, आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "आता याला पट्टी लावू नका, वहिनी. काही वाटलं तर आधी मला विचारा. मोज्यांनाही लावता म्हणे."

ट्रायलला निघताना काका बाटली घेऊन आले आणि सासूबाई पर्स घेऊन. मेकॅनिकनं दोघांनाही खाली उतरवलं. गाडीत तिघंच राहिली. बाबा पुढे, घुबड आपल्या उलट्या खुर्चीत आणि शेजारी बाळाची आई, दोन्ही मुठी आवळून.

पाण्याची टाकी गेली. फर्निचरची दुकानं गेली. मैदानाच्या वळणावर तिनं श्वास धरला. आवंढा नाही. शाळेची भिंत आली. खोकला नाही. गाडी तेल घातल्यासारखी चालली होती, एका लयीत, एका सुरात. बाळाच्या आईच्या मुठी सुटल्या. खांदे खाली आले. दुसऱ्या फेरीला तिनं डोकं मागं टेकवलं. घुबडाकडे एकदा बघू, असं तिच्या मनात आलं. नुसतं आलं.

डोळे उघडले तेव्हा गाडी घरासमोर उभी होती, ऊन उतरणीला लागलं होतं, आणि दोन्ही खिडक्यांतून माणसं आत बघत होती. एकीतून सासूबाई, दुसरीतून काका. तिच्या गळ्याशी घुबडाचं दुपटं खोचलेलं होतं, आणि ते लाळेनं चांगलं ओलं झालेलं होतं.

"झोपलं का हो?" ती दचकून म्हणाली. "घुबड झोपलं का?"

"ते?" बाबा पुढच्या सीटवरून थकलेल्या आवाजात म्हणाले. "त्यानं पापणी हलवली नाही. उचक्या गेल्या ना गाडीच्या, त्याची मजाच गेली. सगळा वेळ तुझ्याकडे बघत बसलं होतं."

"मग थांबायचं नाही का? दुकान उघडायचं होतं ना तुम्हाला?"

"तीनदा थांबलो. गाडी बंद केली की तू कुरकुरायला लागायचीस. मग पुन्हा चालू केली."

"इंजिन झकास आहे," काका खिडकीतून गंभीरपणे म्हणाले. "एकच घरघर येत होती. ती मागच्या सीटवरून."

सासूबाईंनी मात्र तिचे केस मागं सारले आणि हळूच दार लोटलं. "अजून एक फेरी मार रे हिला घेऊन," त्या मुलाला म्हणाल्या. "घुबडाला भरवायची वेळ व्हायचीय अजून."

तेव्हापासून दुपारच्या फेऱ्या चालूच आहेत. घुबड अजून झोपत नाही, आणि त्यावर कुणाकडे इलाज नाही. पण दुपारच्या वेळी एखादी सायीच्या रंगाची, गोल पाठीची गाडी तुमच्या पुढे बैलगाडीच्या चालीनं चाललेली दिसली, मागच्या काचेतून एक टकटकीत जागं बाळ तुमच्याकडे बघून हात हलवताना दिसलं, आणि त्याच्या शेजारी एक बाई मान टाकून, तोंड उघडं ठेवून पडलेली दिसली, तर घाबरू नका. तिला काही झालेलं नाही. हॉर्न तेवढा वाजवू नका. बाजूनं निघून जा, आणि जाता जाता मागून येणाऱ्यालाही एवढं सांगा.